तीन वर्षांच्या मुलाची घरघर: पुढे दमा होणार का, हे तपासणीतून कळतं का?

सायली_नाशिक | ११ जुलै, रात्री ११:२०

नमस्कार. दोन वर्षं इथे नुसतं वाचत आले, आज राहवलं नाही म्हणून धागा काढतेय.

माझा लेक तीन वर्षं दोन महिन्यांचा आहे. गेल्या जूनपासून या जूनपर्यंत पाच वेळा त्याची छाती भरली. सुरुवात दर वेळी सर्दीने. दुसऱ्या रात्री खोकला, आणि पहाटे तीन-चारच्या सुमाराला घरघर. त्याच्या पाठीला कान लावला की लांब कुठेतरी बारीक शिट्टी वाजत असल्यासारखं ऐकू येतं. पोट उडतं, बरगड्यांखाली खळगा पडतो. चारदा घरच्या वाफेच्या मशीनवर भागलं, मार्चमध्ये मात्र दोन दिवस ॲडमिट करावं लागलं.

परवा डॉक्टरांनी पुन्हा सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी, करायला सांगितली. इओसिनोफिल (पांढऱ्या पेशींतलाच एक प्रकार) ७ टक्के, समोर ठळक अक्षरात 'हाय'. पांढऱ्या पेशी ९,२००. मार्चच्या रिपोर्टमध्ये हेच इओसिनोफिल १ टक्का होते. तीन महिन्यांत एकावर सात!

अजून दोन गोष्टी. सहा महिन्यांचा असल्यापासून त्याला गुडघ्यामागच्या लवणीत आणि कोपराच्या घडीत कोरडे लाल चट्टे येतात, थंडीत जास्त. आणि माझ्या नवऱ्याला लहानपणी धाप लागायची असं सासूबाई सांगतात. त्याचा कागद एकही नाही, तेव्हाचे डॉक्टर 'बालकफ' म्हणायचे.

आमचे डॉक्टर म्हणतात, पाच वर्षांचा होईपर्यंत दमा आहे की नाही हे छातीठोकपणे सांगता येत नाही. पण मला दोन वर्षं थांबवत नाही हो. रक्ताची, श्वासाची, जीनची अशी कुठली तपासणी आहे का, जी आत्ता सांगेल? खर्चाची तयारी आहे.

मेघमल्हार | ११ जुलै, रात्री ११:४८

सायली, आमच्याकडे अगदी हेच होतं. मुलगी आता आठ वर्षांची आहे आणि साडेचार वर्षांनंतर तिला एकदाही मशीन लागलेलं नाही. काहीही न करता थांबलं. धीर धरा. जाणकार लिहितीलच.

बाळडॉक | १२ जुलै, सकाळी ७:१०

सायली, मी बालरोगतज्ज्ञ आहे, बावीस वर्षं लहान मुलंच बघतोय. न तपासलेल्या मुलाला इथून औषध सांगणार नाही. पण तुमचा प्रश्न दर पावसाळ्यात माझ्यासमोर रोज दोन-तीन आईबाप घेऊन बसतात, म्हणून सविस्तर लिहितो.

'पाच वर्षांपर्यंत सांगता येत नाही' असं डॉक्टर म्हणतात त्याला कारण आहे. दम्याचं निदान पक्कं करायला फुंकायची तपासणी लागते, म्हणजे स्पायरोमेट्री. जोरात, एका दमात, शेवटपर्यंत फुंकणं पाच-सहा वर्षांच्या आतल्या मुलांना जमत नाही. शिवाय या वयात श्वासनळ्याच इतक्या बारीक असतात की साध्या सर्दीच्या विषाणूने आतली सूज आली तरी शिट्टी वाजते. दम्याचं मूल आणि नुसत्या बारीक नळ्यांचं मूल त्या रात्री अगदी सारखं दिसतं.

यावर सगळ्यात जुना आणि मोठा अभ्यास अमेरिकेत ॲरिझोनातल्या टूसॉन शहरातला. १९८० ते १९८४ या काळात जन्मलेली १,२४६ बाळं त्यांनी जन्मापासून नोंदली आणि वर्षानुवर्षं मागोवा घेतला. १९९५ मध्ये फर्नांडो मार्टिनेझ आणि सहकाऱ्यांनी त्यातल्या ८२६ मुलांचा सहा वर्षांपर्यंतचा हिशोब छापला. निम्म्या मुलांना कधीच घरघर झाली नाही. सुमारे २० टक्क्यांना तीन वर्षांच्या आत झाली आणि सहाव्या वर्षी नव्हती. सुमारे १४ टक्क्यांना आधीही होती, नंतरही राहिली. १५ टक्क्यांना तीन वर्षांनंतर नव्याने सुरू झाली. म्हणजे तान्हेपणी घरघरणाऱ्या दहा मुलांपैकी सहा जणांची सहाव्या वर्षापर्यंत थांबलेली होती. मेघमल्हार यांची मुलगी त्या सहांतली. पण 'धीर धरा' हा सल्ला उरलेल्या चौघांना लागू पडत नाही, आणि सायलीचा प्रश्न नेमका तोच आहे: माझं मूल कुठल्या गटातलं?

त्याच मुलांवरून २००० साली एक ठोकताळा बनवला गेला, दम्याच्या भाकिताचा निर्देशांक. पहिल्या तीन वर्षांत वरचेवर घरघर, आणि सोबत दोन मोठ्या खुणांपैकी एक: आई किंवा वडिलांना दमा, किंवा मुलाला इसब, ज्याला आपण एक्झिमा म्हणतो. मोठी खूण नसेल तर तीन लहान खुणांपैकी दोन: रक्तात इओसिनोफिल ४ टक्के किंवा जास्त, सर्दी नसतानाही घरघर, आणि ॲलर्जीची सर्दी.

हा कडक निर्देशांक ज्यांचा होकारार्थी आला, त्यातल्या ७६ टक्के मुलांना ६ ते १३ या वयात कधी ना कधी चालू दमा आढळला. ज्यांचा नकारार्थी आला त्यांच्यापैकी ९५ टक्क्यांहून जास्त मुलांना त्या वयात दमा झालाच नाही. हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. 'नाही' म्हणताना हा ठोकताळा भरवशाचा आहे, 'हो' म्हणताना तेवढा नाही. होकार आलेल्या चारांतलं एक मूल दम्याशिवाय मोठं झालं.

तुमच्या लेकाचे चट्टे खरंच इसबाचे असतील, तर त्याचा निर्देशांक होकारार्थी येतो. ते तुमच्या डॉक्टरांनी डोळ्यांनी बघून ठरवायचं. आणि ही मुलं वाळवंटातल्या शहरातली होती, नाशिकची नव्हेत, हेही ध्यानात असू द्या.

सायली_नाशिक | १२ जुलै, सकाळी ९:०२

डॉक्टर, मनापासून धन्यवाद. तीनदा वाचलं. म्हणजे चारात तीन. हात गार पडले खरं सांगायचं तर. ते एकावरून सातवर गेलं त्याचं काय? वाढतच जाणार का ते?

लेन्सखाली | १२ जुलै, दुपारी १:३५

सायलीताई, मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. एक विचारते: मार्चचं रक्त नेमकं कधी काढलं होतं? ॲडमिट व्हायच्या आधी की नंतर? आणि तोंडावाटे किंवा शिरेतून स्टेरॉइड सुरू झालं होतं का?

सायली_नाशिक | १२ जुलै, दुपारी २:१०

डिस्चार्ज कार्ड काढून बघितलं. रक्त दुसऱ्या दिवशी सकाळी घेतलं. पहिल्या रात्रीपासून सलाइनच्या सुईतून स्टेरॉइड चालू होतं. आत्ताच्या वेळी मात्र दोन आठवड्यांत काहीच औषध नव्हतं.

लेन्सखाली | १२ जुलै, संध्याकाळी ६:५०

मग तो १ टक्का मनातून काढून टाका. स्टेरॉइड पोटात किंवा शिरेत गेलं की काही तासांत इओसिनोफिल रक्तातून जवळजवळ गायब होतात. अंगात ताप, जंतुसंसर्ग असेल तरीही उतरतात. तुमच्या लेकाचे एकावर सात झाले नाहीत, बहुधा आधीपासूनच सातच्या आसपास असतील आणि मार्चमध्ये औषधाने दबले होते. दिवसाच्या वेळेनेही फरक पडतो, सकाळी कमी आणि रात्री जास्त. त्यामुळे दोन रिपोर्ट ताडून बघायचे तर मूल बरं असताना, स्टेरॉइड बंद असताना आणि साधारण त्याच वेळी घेतलेले हवेत.

दुसरं, ही टक्केवारी येते कशी ते सांगते, म्हणजे आकड्याला किती धरून बसायचं ते कळेल. काचपट्टीवर रक्ताचा थेंब ओढायचा, लिशमन रंग द्यायचा, वाळली की मोठ्या भिंगाखाली धरायची. लाल पेशींच्या गर्दीत इओसिनोफिल लगेच ओळखू येतो, कारण त्याचं पोट नारिंगी-लाल दाण्यांनी गच्च भरलेलं असतं आणि केंद्रक दोन पाकळ्यांचं, चष्म्यासारखं. ते दाणे फुटले की त्यातली प्रथिनं श्वासनळीचं अस्तर खरवडतात. तर हाताने मोजताना आम्ही शंभर पांढऱ्या पेशी मोजतो. ४ टक्के म्हणजे शंभरात चार दिसल्या. त्याच काचपट्टीवर थोडी बाजूला सरकून दुसऱ्या शंभर मोजल्या तर दोन सापडतील, किंवा सहा. यंत्र हजारो पेशी मोजतं, म्हणून त्याचा आकडा जास्त स्थिर असतो. ३ आला म्हणून सुटलो आणि ५ आला म्हणून अडकलो असं अजिबात नाही.

टक्क्यांपेक्षा एकूण संख्या काढा. ९,२०० चे ७ टक्के, म्हणजे ६४४.

प्रशांत_पिंपरी | १२ जुलै, रात्री ९:१५

ताई, 'खर्चाची तयारी आहे' हे वाक्य वाचून लिहितोय. आम्हीही तेच म्हणालो होतो.

मुलगी अडीच वर्षांची असताना एका लॅबचा माणूस घरी येऊन रक्त घेऊन गेला. शंभराच्या वर पदार्थांचं ॲलर्जी पॅनेल, वर जनुकीय चाचणी. बारा पानी रंगीत रिपोर्ट आला. दूध, अंडी, गहू, शेंगदाणा, तूरडाळ, सगळ्यांसमोर लाल पट्ट्या. आम्ही घाबरून सगळं बंद केलं. चार महिने ते मूल भात, मूग आणि सफरचंदावर. दीड किलो वजन उतरलं, घरघर होती तेवढीच राहिली. नंतर ज्या बालरोगतज्ज्ञांकडे गेलो त्यांनी रिपोर्ट बघून विचारलं, हे आयजीई आहे की आयजीजी, म्हणजे रक्तातलं कुठलं प्रतिपिंड मोजलंय? आयजीजी होतं. ते म्हणाले, ती व्यक्ती तो पदार्थ खाते एवढंच यातून कळतं, ॲलर्जी कळत नाही. त्या संध्याकाळी मुलीला दूधभात दिला. वाटी चाटूनपुसून खाल्ली तिने. बायको ओट्याशी उभी राहून रडली.

बाळडॉक | १२ जुलै, रात्री १०:३०

प्रशांत, तुम्ही हे लिहिलंत ते फार बरं केलंत. आयजीजीचं पॅनेल दम्यासाठी किंवा खाण्याच्या ॲलर्जीसाठी करू नये, हे जगभरच्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटना सांगत आल्यात.

आयजीई वेगळं. धूळकीटक, झुरळ, बुरशी, मांजर, परागकण अशा हवेतल्या मोजक्या गोष्टींविरुद्धचं आयजीई रक्तात आहे का, किंवा हातावर थेंब ठेवून सुईने टोचल्यावर गांधी उठते का, हे तीन वर्षांच्या मुलातही बघता येतं आणि त्याला अर्थ आहे. निर्देशांकाच्या सुधारलेल्या आवृत्तीत हवेतल्या ॲलर्जीला मोठ्या खुणेचा दर्जा आहे. नुसतं एकूण आयजीई मात्र मला फारसं काही सांगत नाही. एके काळी बाळाच्या नाळेतल्या रक्तातलं आयजीई मोजून जन्माच्या दिवशीच भाकीत करता येईल अशी मोठी आशा होती. पण पुढे ॲलर्जी झालेल्या बहुतेक मुलांचं नाळेतलं आयजीई कमीच निघालं, म्हणून ते मागे पडलं.

जनुकांचं थोडक्यात. सतराव्या गुणसूत्रावरचा एक पट्टा लहानपणीच्या दम्याशी जोडलेला आहे, हे २००७ पासून माहीत आहे आणि अनेक देशांत पुन्हा पुन्हा दिसलंय. पण तो प्रकार इतक्या निरोगी लोकांतही असतो की एका मुलाबद्दल त्यावरून काही बोलता येत नाही. संशोधनासाठी मोलाचा, तुमच्या पैशांसाठी नाही.

वर्ध्याची_काकू | १३ जुलै, सकाळी ६:२०

डॉक्टरसाहेब, मी निवृत्त आरोग्यसेविका. आमच्या भागात इओसिनोफिल वाढले की आधी दोन प्रश्न विचारायची पद्धत होती: जंत आहेत का, आणि हत्तीरोगाच्या पट्ट्यातलं आहे का. वर्धा, नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली, इथे हत्तीरोग जुनाच. त्याचे जंत छातीलाही त्रास देतात: रात्रीचा कोरडा खोकला, धाप, छातीत शिट्टी, सगळं दम्यासारखं, आणि रक्तात इओसिनोफिल तीन हजारांच्या वर. पंपाने गुण येत नाही. हत्तीरोगावरच्या डीईसी गोळ्यांचा तीन आठवड्यांचा कोर्स झाला की माणूस मोकळा. मोठ्यांत जास्त बघितलं, पण शाळेतली पोरंही बघितलीत.

जंतांचंही तसंच. गोल जंताच्या अळ्या आतड्यातून फुप्फुसात फिरून परत पोटात येतात, त्या वाटेत खोकला करतात. अमेरिकेतल्या पोरांचा चार टक्क्यांचा नियम आपल्या अंगणात मातीत खेळणाऱ्या पोराला जसाच्या तसा कसा लावायचा?

सायलीबाई, १० ऑगस्टला जंतनाशक दिन असतो. अंगणवाडीत गोळी मिळते. लेकाला दिली का आजवर?

बाळडॉक | १३ जुलै, सकाळी ८:०५

काकू, नमस्कार. हा मुद्दा मीच आधी लिहायला हवा होता. निर्देशांक जिथे जन्मला तिथे जंत हा प्रश्नच नव्हता, त्यामुळे तिथे इओसिनोफिल म्हणजे ॲलर्जी हे समीकरण बरंच खरं ठरतं. आपल्याकडे तीच पेशी तीन-चार कारणांनी वाढते. ६४४ हा आकडा हत्तीरोगाच्या खोकल्याचा नाही, तिथे हजारांत खेळ असतो. पण जंताचं औषध देऊन काही आठवड्यांनी पुन्हा मोजणं हा सगळ्यात स्वस्त आणि शहाणा मार्ग आहे.

सायली_नाशिक | १३ जुलै, सकाळी ८:४०

काकू, फेब्रुवारीतल्या जंतनाशक दिनाला सर्दी होती म्हणून नेलंच नाही त्याला. यावेळी नक्की.

मासट्रिख्टकर | १३ जुलै, दुपारी ४:१५

मी मूळची सांगलीची, नऊ वर्षं नेदरलँड्समध्ये आहे, रसायनशास्त्रात काम करते. श्वासाच्या तपासणीबद्दल विचारलंय म्हणून लिहिते.

दोन गोष्टी लोक एकत्र करतात. पहिली फीनो, म्हणजे श्वासातलं नायट्रिक ऑक्साइड. ॲलर्जीच्या प्रकारची सूज असली की श्वासनळीचं अस्तर हा वायू जास्त बनवतं. दमेकऱ्यांच्या श्वासात तो वाढलेला असतो हे १९९३ मध्ये स्वीडनमध्ये दाखवलं गेलं. आता हातात मावणारी यंत्रं आहेत, भारतातल्या मोठ्या शहरांतही. मुलांत अब्जात २० भागांपेक्षा कमी म्हणजे अशी सूज असण्याची शक्यता कमी, ३५ पेक्षा जास्त म्हणजे भरपूर. अडचण अशी की एकाच संथ वेगाने काही सेकंद फुंकत राहावं लागतं. पडद्यावर फुगा किंवा ढग तरंगत ठेवायचा खेळ असतो, तरी तीन वर्षांच्या मुलाला ते जमणं अवघडच. आणि आधीच्या जेवणात पालक, बीट असलं तर आकडा वाढतो, पंपातलं स्टेरॉइड चालू असलं तर उतरतो.

दुसरी गोष्ट माझ्या आवडीची. आपल्या श्वासात शेकडो उडनशील संयुगं अगदी सूक्ष्म प्रमाणात असतात. सूज असली की पेशींच्या पटलातल्या स्निग्ध पदार्थांची मोडतोड होते, त्याचे तुकडे श्वासावाटे बाहेर पडतात. मी राहते त्या मासट्रिख्टच्या विद्यापीठाने दोन ते चार वर्षांची, वरचेवर घरघर होणारी सुमारे दोनशे मुलं घेतली. मुलाने पिशवीत नेहमीसारखा श्वास सोडायचा, जोर लावायचा नाही. तो श्वास शोषक भरलेल्या नळीतून ओढून नंतर यंत्रात एकेक संयुग वेगळं करायचं. सोबत रक्तातल्या जनुकांपैकी कोणती 'चालू' आहेत तेही बघितलं. मुलं सहा वर्षांची झाल्यावर दमा कुणाला आहे ते ठरवलं आणि मागचे नमुने उघडले. नुसत्या निर्देशांकापेक्षा निर्देशांक अधिक श्वासातली संयुगं अधिक जनुकांची हालचाल, असं मिळून भाकीत खूपच नेमकं आलं. २०१५ मध्ये ते छापून आलं.

वाचताना अंगावर काटा येतो. दोन वर्षांच्या मुलाच्या साध्या श्वासातूनही एवढं कळतं! पण आजही ही तपासणी इथल्या कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही.

आकडेमोड | १३ जुलै, रात्री ८:३०

का मिळत नाही ते मी सांगू शकतो, माझं काम संख्याशास्त्राचं.

दोनशे मुलं आणि शेकडो संयुगं. एवढ्या पदार्थांतून या मुलांना दोन गटांत वाटणारं काही ना काही मिश्रण सापडतंच, काही वेळा निव्वळ योगायोगाने. शिंप्याने एकाच्या अंगावर कापड धरून अंगरखा बेतला, तर तो त्याला चपखल बसणारच. खरी परीक्षा तो अंगरखा दुसऱ्या गावच्या माणसाला घालून बघितल्यावर. मासट्रिख्टच्या गटाने हे स्वतःच लिहिलंय, की वेगळ्या मुलांवर पडताळा हवा. २०१५ मध्येच कॅनडातल्या बाळांच्या विष्ठेतल्या जिवाणूंवरचं काम गाजलं होतं. तीन महिन्यांच्या वयाला चार प्रकारचे जिवाणू कमी असतील तर दम्याचा धोका जास्त, असं ३१९ बाळांत दिसलं, आणि वर्षाच्या वयाला तो फरक विरलेला होता. म्हणजे खूण असली तरी ती कधी बघायची याचीही एक खिडकी असते.

अजून एक. 'निर्देशांक होकारार्थी असेल तर ७६ टक्के' हा आकडा त्या गावातलं दम्याचं प्रमाण धरून आहे. जिथे दमा कमी, तिथे हीच चाचणी, हेच उत्तर, पण आकडा खाली येतो. सायलीताई, चारात तीन हे तुमच्या लेकाच्या कपाळावर लिहिलेलं नाही.

जुना_दमेकरी | १४ जुलै, पहाटे ५:४०

वय ५८. दमा सातव्या वर्षापासून. कोजागिरीच्या रात्री चंद्राखाली खिरीतलं औषध घेतलंय, मृगाचा मासाही गिळलाय. आई घेऊन जायची आणि मी जायचो, कारण तिच्या डोळ्यांत बघवायचं नाही. पंप मिळाला तेव्हा तिशी उलटली होती. पहिल्या महिन्यात जिना एका दमात चढलो आणि गच्चीवर जाऊन बसलो. वीस वर्षं उगाच धापत काढली असं वाटलं.

तुमच्या घरात पंप सुरू करायचं चाललंय का? धाग्यात कुठेच उल्लेख नाही म्हणून विचारतो.

सायली_नाशिक | १४ जुलै, सकाळी १०:१५

काका, खरं सांगते. डॉक्टरांनी मार्चमध्येच रोजचा पंप लिहून दिलाय. आणलाय, स्पेसरही (पंपाला जोडायची मास्कवाली नळी) आणलाय, कपाटात आहे. सासूबाई म्हणतात एकदा लागला की सुटत नाही, लोक दमेकरी म्हणतील. आणि मी म्हणत होते की आधी तपासणीने दमा आहे हे ठरू दे, मग सुरू करू.

आणि दुसऱ्या बाजूने हेही टोचतंय, की आत्ताच सुरू केला असता तर पुढचा दमा टळला असता का? उशीर केला का मी?

बाळडॉक | १४ जुलै, दुपारी ३:००

सायली, इथे जरा थांबून वाचा.

उशीर झाला का, याचं उत्तर अभ्यासातून मिळालेलं आहे. २००६ मध्ये अमेरिकेत निर्देशांक होकारार्थी असलेली दोन-तीन वर्षांची २८५ मुलं घेतली. निम्म्यांना दोन वर्षं रोज स्टेरॉइडचा पंप, निम्म्यांना औषध नसलेला पंप. तिसऱ्या वर्षी सगळ्यांचं बंद केलं. जोवर पंप चालू होता तोवर पहिल्या गटाला त्रास स्पष्ट कमी होता. बंद केल्यावर तिसऱ्या वर्षी दोन्ही गट सारखे. म्हणजे पंप पुढचा दमा टाळत नाही. तुम्ही मार्चमध्ये सुरू केला नाही म्हणून लेकाला दमा 'लावला' असं मुळीच होत नाही, ते ओझं उतरवून ठेवा. पंप घेणाऱ्यांची उंची दोन वर्षांअखेर सुमारे एक सेंटीमीटर कमी भरली, हेही तुमच्यापासून लपवत नाही. म्हणूनच आम्ही कमीत कमी मात्रा देतो आणि उंची मोजत राहतो.

पण 'दमा ठरू दे, मग पंप' हे मात्र उलटं आहे. पंप आजच्या सुजेसाठी आहे. भाकीत हवं असो वा नसो, पाच झटके आणि एक ॲडमिशन हे आजचं दुखणं आहे. आणि तुमचा तो ६४४ आकडा इथे कामाला येतो. २०१६ मध्ये एक ते पाच वर्षांच्या ३०० मुलांना आळीपाळीने तीन प्रकारचे उपचार देऊन बघितलं. ज्यांना हवेतली ॲलर्जी होती आणि इओसिनोफिल ३०० किंवा जास्त होते, त्यांना रोजच्या पंपाने सगळ्यात चांगला गुण आला. माझ्या मते या खुणांचा खरा उपयोग हाच आहे. सातव्या वर्षी काय होईल यापेक्षा, उद्या सकाळी कपाटातला पंप काढायचा का, हे त्या सांगतात.

तुमच्या डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा: चट्टे इसबाचे आहेत का, जंताच्या औषधानंतर सीबीसी कधी करायची, आणि धूळकीटक-झुरळ यांची त्वचाचाचणी करायची का. पंप द्यायचा ठरला तर तीन महिने नीट देऊन मग थांबवून बघायचं, हीच या वयातली एक मोठी परीक्षा असते. घेतल्यावर थांबलं आणि बंद केल्यावर परतलं, तर ते कुठल्याही रिपोर्टपेक्षा जास्त बोलतं. पुढच्या वेळी घरघर झाली की शर्ट वर करून छाती-पोटाचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढून ठेवा, आवाजासकट. सकाळी माझ्यासमोर मूल हसत बसलेलं असतं आणि आईला पटवून द्यावं लागतं की रात्री काय झालं होतं.

आणि ओठ निळसर दिसले, बोलता-पिता येईना, मान श्वासाबरोबर झटके देत असली, तर धागा, मशीन काहीही न बघता दवाखाना गाठा.

लेन्सखाली | १४ जुलै, रात्री ९:२५

स्पेसरबद्दल एवढंच: मास्क नाकातोंडावर घट्ट बसला पाहिजे, बाजूने हवा गेली की औषध गेलं. एक दाब, पाच-सहा सावकाश श्वास. धुताना साबणाच्या पाण्यात बुडवून तसाच वाळू द्या, फडक्याने पुसू नका, नाहीतर औषध आत भिंतींना चिकटतं. झाल्यावर मुलाला पाणी पाजा आणि चेहरा पुसा. माझ्या भाच्याला झोपेत द्यायचो आम्ही, पण झोपेत मूल हललं की मास्क सुटतो. मांडीवर बसवून, आधी टेडीला देऊन मग त्याला, हे जास्त चाललं.

वर्ध्याची_काकू | १५ जुलै, सकाळी ६:४५

आणि घरात कासवछाप जळत असेल तर ती आधी विझवा. मच्छरदाणी लावा. पाहुणे बाल्कनीत सिगारेट ओढत असतील तर त्यांना तोंडावर सांगा. तुम्हाला वाईट वाटेल, त्यांना वाटेल, वाटू द्या.

सायली_नाशिक | ९ नोव्हेंबर, रात्री १०:०५

धागा वर काढतेय, कारण जुलैत इतक्या जणांनी वेळ दिला आणि नंतर मी गायबच झाले.

चट्टे इसबाचेच आहेत. १० ऑगस्टला जंताची गोळी दिली, सप्टेंबरअखेर सीबीसी केली. इओसिनोफिल ६ टक्के, पांढऱ्या पेशी ८,९००, म्हणजे ५३४. जंतांमुळे नव्हतं हे. त्वचाचाचणीत धूळकीटकाला मोठी गांधी उठली, झुरळाला लहान, बाकी काही नाही. त्याने सुई टोचताना अजिबात आवाज केला नाही, घरी येऊन मात्र आजीला हात दाखवून दाखवून रडला.

पंप १६ जुलैला सुरू केला. रोज दोन वेळा, आधी हत्तीला, मग त्याला. गाद्यांना कव्हर शिवून घेतली, अंथरूण-पांघरूण आठवड्याला गरम पाण्यात. पावसाळ्याभरात दोन सर्द्या झाल्या. एकदा रात्री घरघर झाली, पण एकच रात्र आणि पोट उडालं नाही. व्हिडिओ काढलाय. तो बघून डॉक्टर म्हणाले, "मार्चमध्ये हे असतं तर बरं झालं असतं." मी दर रात्री झोपताना कॅलेंडरवर एक खूण करते: शांत झोपला तर टिंब, खोकला आला तर फुली. ऑगस्टच्या पानावर सात फुल्या आहेत, ऑक्टोबरच्या पानावर दोन.

तीन महिने झाले, आता दिवाळीच्या धुराचे दिवस सरले की डॉक्टर पंप थांबवून बघणार आहेत. सासूबाई आता विचारतात, थांबवायचा कशाला? गंमत नाही करत, खरंच काळजीने विचारतात.

बाळडॉक, एक विचारायचं होतं. पंप बंद असतानाच्या महिन्यात कॅलेंडरवर अजून काय टिपू? पळताना दमतो का, हसताना खोकला येतो का, असं काही? आणि उंची मोजून ठेवली आहे. स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने रेघ मारून शेजारी तारीख घातलीय: १६ जुलैला ९५, आज ९७ सेंटीमीटर.

बाळडॉक | १० नोव्हेंबर, सकाळी ७:३०

दोन्ही टिपा. सोबत तिसरं: पहाटे तीन ते पाचमध्ये जाग आली का. आणि सर्दी नसताना घरघर झाली तर त्या दिवसाला वेगळ्या रंगाची खूण करा.